गळती बंद केली आहे

भोर,
११ फेब्रुवारी २०२५

हनुमंतदादा,

वर नमस्कार लिहिला होता, तो खोडला. खोडलेला तुला दिसत असेलच.

तुझा फोन मी घेत नाही म्हणून तू वहिनीच्या मोबाईलवरून केलास, मग मामांच्या. तेही घेणार नाही. फोनवर तू "ऐक तर सुलू, ऐक तर" एवढंच म्हणतोस आणि रडायला लागतोस. तुझं रडणं ऐकायला मला सवड नाही. सहा वर्षं मी इथं कोर्टासमोर वकीलसाहेबांच्या ऑफिसात लोकांचे जबाब टाइप करते. तोंडी बोललेलं माणूस संध्याकाळपर्यंत फिरवतो, लिहिलेलं फिरवता येत नाही. म्हणून मी लिहितेय. तूही लिहूनच उत्तर द्यायचं, खाली सही करून.

आईचं काय झालं ते तुला उडत उडत कळलं असेल. आता नीट वाच. तीन तारखेला, सोमवारी, शनिवार-रविवारचे पाहुणे गेल्यावर ती पानशेतच्या त्या बंगल्याच्या मागच्या मोरीत चादरी धुवायला बसली होती. डोक्यावर भिंतीला तू बसवलेला शंभर लिटरचा गिझर. साडेअकराच्या सुमारास तो खालच्या अंगानं फाटला आणि सगळं कढत पाणी तिच्या पाठीवर, उजव्या खांद्यावर, उजव्या हातावर आलं. बाजूच्या बंगल्यावर कामाला असलेली फुलाबाई आवाज ऐकून धावली. तिनं आईच्या अंगावरचं लुगडं सोडवलं, पिंपातलं गार पाणी ओतत राहिली आणि भाजीचा टेम्पो थांबवून तिला पुण्याला आणलं. फुलाबाई नसती तर आज मी हे पत्र लिहीत बसले नसते.

दवाखान्यात एक दिवसाआड पट्टी बदलतात. आई ओरडत नाही. चादरीचं टोक दातात धरते.

चौथ्या दिवशी बंगल्याचा मॅनेजर इंद्रजित फळं घेऊन आला. तो आईसमोरच मला म्हणाला, की गिझरला एक हवेची टाकी लागते, ती प्लंबरनं बसवलीच नव्हती, आणि प्लंबर तुमच्याच घरचा, तर आम्ही काय बोलणार. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं ऐकलं.

बाबा गेल्यावर आईला त्या बंगल्यावर कामाला तूच नेलंस. "आत्या, हितं सुखात राहशील," असं म्हणाला होतास. मी तिथंच उभी होते. ती टाकी काय असते आणि तू ती का बसवली नाहीस, ते मला लिहून पाठव.

सुलक्षणा


पाली,
१६ फेब्रुवारी २०२५

सुलू,

तुझं पत्र चार डाव वाचलं. तुझा राग खरा हाय. पर इंद्रजितनं अर्धं सांगितलं. सगळं म्या सांगतो.

पाणी तापलं की फुगतं. पातेल्यात असलं तर वर चढतं, कुणाचं काय बिघडत न्हाई. आधी त्या बंगल्यात गच्चीवरच्या टाकीतनं पाणी सरळ खाली गिझरात यायचं. गिझरातलं तापून फुगलं की आलं त्याच वाटंनं वर सरकायचं. मग पाव्हण्यांची तक्रार झाली, शॉवरला जोर न्हाई. दिवाळीत इंद्रजितनं प्रेशर पंप बसवून घेतला. पंपापुढं एक वॉल्व्ह असतो, त्यो पाणी पुढं सोडतो, माघारी येऊ देत न्हाई. म्हंजी फुगलेल्या पाण्याची वाट बंद झाली.

तवा गिझरात जाणाऱ्या गार पाण्याच्या पाइपावर एक टाकी बसवावी लागती. एक्सपान्शन टँक. लाल रंगाची, घागरीएवढी. आत रबराची पिशवी. एका अंगाला हवा भरलेली, दुसऱ्या अंगाला पाणी. गिझरातलं पाणी फुगलं की जादाचं तेवढं तिच्यात शिरतं, हवा दबती. निवलं की हवा त्याला बाहेर लोटती. बस, एवढंच तिचं काम. पर ती नसली तर रोज गिझर आतनं ताणतो आन निवतो, ताणतो आन निवतो. एक दिवस जोड फाटतो.

म्या पंप बसवला त्याच दिवशी इंद्रजितला सांगितलं, ही टाकी पायजे. त्यो म्हणाला, इतकी वर्षं काय झालं न्हाई, आता काय होतंय. जानेवारीत परत सांगितलं. तवा म्हणाला, पुढच्या महिन्यात बघू. त्याला पाव्हण्यांच्या डोळ्यांम्होरं दिसतंय तेवढंच करायचं असतं. ही टाकी कुणाला दिसणार व्हती?

माझी चूक एवढीच, की म्या हट्ट धरला न्हाई. त्याची शिक्षा मला मिळू दे. पर करणारा इंद्रजित हाय.

आत्याला माझा नमस्कार सांग. मला दवाखान्यात येऊ दे.

हनुमंत गेनबा, सही


भोर,
२४ फेब्रुवारी २०२५

हनुमंतदादा,

तुझं पत्र पर्समध्ये घालून मी काल, रविवारी, पानशेतला गेले. आईजवळ फुलाबाईला बसवलं होतं.

बंगल्यावर पाहुणे होते. हिरवळीवर खुर्च्या टाकून नाश्ता चालला होता. मागच्या मोरीत नवा गिझर लागलाय आणि त्याच्याशेजारी लाल टाकी. घागरीएवढी, तू लिहिलीस तशीच. तीन आठवड्यांत आणता आली त्याला. ती टाकी बघून माझं डोकं फिरलं. मी इंद्रजितला पाहुण्यांसमोर बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की माझ्या आईची पाठ ह्या माणसानं जाळली, प्लंबर दोनदा सांगत होता आणि ह्यानं ऐकलं नाही. पाहुण्यांतल्या एका बाईनं हातातली बशी खाली ठेवली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

इंद्रजित ओरडला नाही. मला बाजूला घेऊन त्यानं मोबाईल काढला. सतरा जानेवारी, शुक्रवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. तुझा मेसेज. "गळती बंद केली आहे. काळजी नसावी." खाली फोटो.

मला त्यातलं काही कळलं नसतं, पण त्यानं समजावून सांगितलं. गिझरला एक सेफ्टी वॉल्व्ह असतो. आत दाब वाढला की जादाचं पाणी त्यातून ठिबकतं. टाकी नसली तरी तेवढ्यावर गिझर वाचतो. फोटोत त्या वॉल्व्हच्या तोंडात पितळेचं बूच घट्ट बसवलेलं आहे, आणि पान्यावर तुझा हात आहे. अंगठ्याजवळचा तो कापल्याचा व्रण मी ओळखते.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "केस करायची तर करा ताई. पहिला तुमचा भाऊ आत जाईल."

परत येताना मी बस स्टॉपवर तासभर उभी होते. दोन गाड्या आल्या, दोन्हींत चढले नाही.

"माझी चूक एवढीच, की म्या हट्ट धरला न्हाई." हे तुझ्या हातचं आहे, सहीसकट. पाण्याची वाट कशी बंद झाली ते तू मला शाळामास्तरासारखं शिकवलंस. शेवटची वाट तू स्वतः बंद केलीस, तेवढं सांगायचं विसरलास. मला तुझ्यासाठी भांडायला पाठवलंस आणि तोंडघशी पाडलंस. आता मला काहीही समजावू नकोस. त्या दिवशी काय केलंस ते पहिल्यापासून शेवटपर्यंत लिही.

सुलक्षणा


पाली,
४ मार्च २०२५

सुलू,

व्हय. ते बूच म्या मारलं.

जानेवारीच्या सुरुवातीपासनं त्यो वॉल्व्ह ठिबकत व्हता. मोरीच्या भिंतीला नवा रंग दिलेला, त्यो पोपडे धरून सुटला. सतरा तारखेला इंद्रजितनं मला बोलावलं. उद्या पाव्हणे येणार, मागपतुर फिरून फोटो काढत्यात, गळती आजच्या आज बंद झाली पायजे म्हणाला. म्या सांगितलं, ही गळती न्हाई, वॉल्व्ह आपलं काम करतोय, टाकी बसवली की आपसूक थांबंल. टाकी पुण्यासनं आणाया तीन-चार दिस लागतील. त्यो म्हणाला, तवर बंद कर, सोमवारी टाकी आणू. म्या म्हणालो, ह्याचं तोंड बंद करायचं नसतं. तवा म्हणाला, तुला जमत न्हाई तर दुसरा बघतो, मग धरणाकडच्या बारा नव्या खोल्यांचं कामबी त्यालाच देतो.

म्या पिशवीतनं बूच काढलं, टेप गुंडाळली, पान्यानं आवळलं. फोटो काढून त्याला धाडला. पाच मिन्टांचं काम. हात थांबला न्हाई माझा.

आत्या तवा चहा घिऊन आली व्हती. कप माझ्या हातात देत तिनं इचारलं, "झालं का रं?" म्या म्हणालो, "झालं, आत्या."

सोमवारी टाकी आली न्हाई. म्या इंद्रजितला एक फोन केला, त्यानं उचलला न्हाई. दुसरा केला न्हाई. सतरा दिस गेले. रोज सकाळी दाढी करताना मनात यायचं, आज जाऊन बूच काढून यावं. मग दुसरं काम निघायचं.

अजून एक हाय. हे कुणालाच ठाव न्हाई. त्या दिवशी टेम्पो आत्याला घिऊन गेला, त्यानंतर इंद्रजितचा मला फोन आला. पोलीस यायच्या आत ये आन ते बूच काढ म्हणाला. म्या गाडी काढली, पाबे घाट चढून गेलो. मोरीत पाणी तसंच व्हतं. आत्याची एक चप्पल दाराला, एक मोरीच्या तोंडाशी. फाटलेल्या गिझरला धरून म्या बूच काढलं आन पिशवीत टाकलं. त्यानं पोलिसांना सांगितलं, गिझर जुना झाला व्हता. त्यांनी तसं लिहून घेतलं. बूच अजून माझ्या पिशवीत हाय. फोटो त्याच्याकडं हाय. तवापासनं त्यो मला सांगतोय, तू गप, मी गप.

दवाखान्याच्या फाटकापतुर म्या तीनदा आलो. तिथनंच माघारी फिरलो.

मला दोन पोरी हायत, सुलू. तात्या थकल्यात. काय करू ते तूच सांग.

हनुमंत


भोर,
१२ मार्च २०२५

हनुमंतदादा,

तू विचारलंस म्हणून सांगते. वेल्ह्याला पोलीस ठाण्यात जा. मला जे लिहिलंस ते तिथं सांग. बूच टेबलावर ठेव. तुझ्याबरोबर इंद्रजितही येईल, कारण बूच कुणी मारायला लावलं आणि कुणी काढायला लावलं हे तुझ्याशिवाय दुसरं कुणी सांगू शकत नाही.

तुझ्या पोरींची आठवण मला नको देऊस. मीही एकीची पोरगी आहे.

बूच मारलंस त्याचा राग आहेच. तो एक वेळ जिरलाही असता, माणूस पोटासाठी घाबरतो. पण तू घाट चढून गेलास ते दवाखान्यात यायला नाही, बूच काढायला. तिच्या चपलांवरून पाय टाकून तू ते काढलंस. हे माझ्या घशाखाली उतरत नाही.

आईला मी तुझं पत्र वाचून दाखवलं.

आठ दिवस थांबते.

सुलक्षणा


भोर,
३१ मार्च २०२५

हनुमंतदादा,

आठाचे एकोणीस दिवस झाले. तुझं पत्र नाही, फोन नाही. तुझ्याऐवजी काल पाडव्याला तुझे तात्या, माझे मामा, आले.

आईला घरी आणून आठवडा झालाय. पाठीवर कातडी धरतेय. उजवा हात मात्र छातीच्या वर जात नाही, बोटं पुरती मिटत नाहीत. चहाचा कप डाव्या हातानं घेते. अंघोळीला गरम पाणी घेत नाही. मी कोमट करून दिलं तरी आधी बादलीत बोट घालून बघते, मग बादली सरकवते आणि गार घेते.

मामांनी येताना साखरेची गाठी आणली होती. आईच्या गळ्यात घातली. मला वाटलं, बहिणीला बघायला आलेत. मी श्रीखंड वाढलं. जेवण झाल्यावर त्यांनी बंडीच्या खिशातून घडी केलेला स्टॅम्पपेपर काढला आणि शाईचा डबा काढला.

मी असे कागद रोज टाइप करते. त्यात लिहिलं होतं, की मी ठकुबाई, मी स्वतःच गिझरचं बटण आणि नळ चुकीच्या पद्धतीनं हाताळल्यामुळे अपघात झाला, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. आईला सही येते हे मामांना माहीत आहे, तिला शाळेत त्यांनीच सोडलं होतं. पण हात वळत नाही, म्हणून अंगठा. तेवढा विचार कुणीतरी करून ठेवला होता. इंद्रजितनं की तू, ते मी विचारलं नाही.

मामा म्हणाले, ठकू, पोराचं वाटोळं होईल, तू मोठ्या मनाची आहेस. मी उठून तो कागद घेणार होते. आईनं डाव्या हातानं मला खाली बसवलं आणि म्हणाली, "वाच परत." मी परत वाचला.

मग ती मामांना म्हणाली, "म्या चादरी धुवत व्हते, दादा. ह्यो कागद म्हणतोय म्या गिझरला हात लावला. म्या न्हाई लावला."

मामा म्हणाले, मग पोरानं करायचं काय?

"त्यानं काय केलं ते त्यानं सांगायचं. माझ्या तोंडून न्हाई."

मामांनी शाईचा डबा बंद केला. बराच वेळ तो खिशात जाईना. पाणीही न घेता ते निघून गेले. मी त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या मामाला एकटं जाऊ दिलं, आणि त्याचाही राग मी तुझ्याच नावावर लिहितेय.

आता ऐक. तुझं चार मार्चचं पत्र आजवर माझ्या कपाटात होतं. त्यावर तुझं अक्षर आहे, नाव आहे. मी उद्या ते वेल्ह्याला नेऊन दिलं असतं. काल रात्री आईला तसं सांगितलं. ती नको म्हणाली. "तू देऊ नगंस. त्याचं त्याला धाड." मी तिच्याशी भांडले. तिला म्हणाले, तू भावाच्या मायेत आंधळी झालीयेस, तुझ्या जळल्या पाठीपेक्षा तुला भाचा मोठा आहे. आईला असं मी कधी बोलले नव्हते. तिनं परत तेच सांगितलं, धाड.

म्हणून सोबत तुझं पत्र पाठवतेय. झेरॉक्स काढलेली नाही. आता तुझ्याविरुद्ध माझ्याकडे काही नाही. जाळ, फाड, नाहीतर जाऊन सांग.

सुलक्षणा


पाली,
१३ एप्रिल २०२५

सुलू,

पाकिटातनं माझंच पत्र निघालं तवा म्या अंगणात बसून व्हतो. वाचलं न्हाई, आत काय हाय ठाव व्हतं. तात्यांनी आत्याकडं कागद नेला हे मला तुझ्या पत्रातनं कळलं. इंद्रजित हितं घरी यिऊन त्यांना दिऊन गेला व्हता. तात्यांनी मला इचारलं न्हाई, पर इचारलं असतं तर म्या न्हाई म्हणालो असतो का, हे मला छातीवर हात ठिऊन सांगता येत न्हाई. म्हणून तात्यांवर चिडायचाबी मला हक न्हाई. तरी चिडलो. लई बोललो त्यांना. त्यांनी काठी घेतली आन रानात निघून गेले.

चार तारखेला, शुक्रवारी, वेल्ह्याला गेलो. पत्र साहेबांम्होरं ठेवलं. बूच ठेवलं. साहेबांनी बूच बोटांत फिरवून बघितलं आन इचारलं, तुला कुणी पाठवलं? म्या म्हणालो, कुणी न्हाई. चार तास जबाब चालला. गुन्हा आमा दोघांवर लागला, माझ्यावर आन इंद्रजितवर. बंगल्याच्या पुण्यातल्या मालकालाबी बोलावलंय. इंद्रजितला दोन दिसांनी जामीन झाला, माझा आदल्या दिवशीच झाला व्हता. त्यो सुटला त्या दिवशी म्या ठाण्यात सहीला गेलो व्हतो, तवा माझ्या कानाशी यिऊन म्हणाला, ह्या खोऱ्यात तुला आता नळ बदलायचंबी काम मिळणार न्हाई. खरं हाय त्याचं. बारा खोल्यांच्या कामावर दुसरी माणसं दिसत्यात. तात्या माझ्यासंगं बोलत न्हाईत.

आता हे लिहायची तशी गरज न्हाई, पर लिहितो. त्यो बंगला सोडला तर प्रेशर पंप आन गिझर म्या आजवर अजून नऊ घरांत बसवलेत. टाकी एकाबी घरात न्हाई. ठाण्यातनं आलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं एकेक घर फिरतोय. दोन ठिकाणी वॉल्व्हला बूच निघालं. दोन्ही माझीच. आत्याच्या बंगल्यावरचं तिसरं व्हतं, सुलू. पहिलं मारलं तवा जिवाला लागलं व्हतं, तिसऱ्याला लागलं न्हाई. म्या स्वतःला सांगत व्हतो, इंद्रजितनं माझ्यावर जोर केला. जोर त्यानं केलाच. पर भोंगवलीच्या त्या घरात माझ्यावर कुणीच जोर केला नव्हता. माणूस नुसतं म्हणाला, जरा ठिबकतंय बघ. आन म्या बूच मारून मोकळा झालो.

दोन्ही बुचं काढली. सात घरांत टाक्या बसवून झाल्या. आधी गिझरचं बटण बंद, पाणी निवू द्यायचं, पाइप रिकामा करायचा. गार पाण्याच्या पाइपावर जोड काढून टाकी भिंतीला लोखंडी पट्टीनं आवळायची, पाण्यानं जड होती म्हणून. त्याच्या आधी सायकलच्या पंपानं टाकीत हवा भरायची, पाइपात पाण्याचा जोर हाय तेवढीच. कमी न्हाई, जास्त न्हाई. पहिल्या दिवशी म्या तीन डाव मोजून बघितलं.

हितं पालीत सगुणाबाई गड चढाया येणाऱ्या पोरांना राहाया खोल्या देती. तिनं मला दारातच अडवलं. म्हणाली, तुझ्या हातचं आता काय नको, शनिवारी पंचवीस पोरं येणार हायत, पाणी बंद ठिवायला जमणार न्हाई. म्या गिझरचं बटण बंद केलं आन मोरीच्या पायरीवर बसलो. तिनं लई शिव्या घातल्या. आत्याचं नाव घिऊन घातल्या. म्या बसून राहिलो. दुपारी तिनंच म्हटलं, बसव आन चालता हो.

दोन घरं राहिलीत. मग माझ्याकडं काम न्हाई.

आत्याला एकदा बघू दे. ती मला माफ करंल, ठाव हाय मला. तिचा सोभावच तसा हाय, राग तिच्या अंगातच न्हाई. तिनं पत्र माघारी धाडलं तवाच मला कळलं. तुझं मला ठाव न्हाई.

हनुमंत


भोर,
२६ एप्रिल २०२५

हनुमंतदादा,

गुरुवारी ठाण्यात आपण भेटलो, पण बोललो नाही. म्हणून लिहितेय.

आईचा जबाब घ्यायला बोलावलं होतं. तुला बघून मी मुद्दाम बाकाच्या ह्या टोकाला बसले. आई उठून तुझ्याशेजारी जाऊन बसली, ते मला आवडलं नाही. जेवायच्या वेळेला तिनं डबा काढला आणि झाकण उघडेना म्हणून तुझ्यापुढं केला. तू उघडून दिलास आणि मान खाली घातलीस ती परत वर केलीच नाहीस. तिनं अर्धी भाकरी तुझ्या हातावर ठेवली. मी तिकडे पाठ केली. मला वाटलं, झालं, संपलं सगळं. दोन महिने मी उरात घेऊन फिरतेय ते हिनं अर्ध्या भाकरीत मिटवलं. साहेबांसमोर तिनं जे झालं ते नीट सांगितलं, चहाचा कप तुझ्या हातात दिला तेही सांगितलं, पण आवाज कुठं चढला नाही. तुला जसं वाटतं, तसंच मलाही वाटत होतं, की राग तिच्या अंगातच नाही.

परतीच्या एसटीत तिला खिडकीशी बसवलं. नसरापूर येईपर्यंत मी कळ काढली. मग राहवलं नाही. मी म्हणाले, भाकरी कसली देतेस, एक थोबाडीत तरी द्यायची होतीस.

ती म्हणाली, "हात वर जात न्हाई माझा."

गाडी चढाला लागली. ती बाहेरच बघत होती. मग म्हणाली, "गेला असता तर दिली असती. त्याच्यासाठीच शेजारी बसले व्हते."

मी तिच्याकडे बघितलं. दादा, मी जन्मापासून ह्या बाईला ओळखते आणि तो चेहरा मी कधी बघितला नव्हता. पट्टी बदलताना दातात चादर धरायची तेव्हाही नाही. पुढं ती हळूहळू सगळं बोलली. पत्र माघारी का पाठवलं, तेही. म्हणाली, सुलूनं नेऊन दिलं असतं तर त्याला पकडून आणलं असतं, मग मी रागावायचं कुणावर, पकडलेल्या माणसावर? त्याला त्याच्या पायानं येऊ दे, म्हणजे मला त्याच्याकडे नीट बघता येईल. "झालं, आत्या" हे तुझं बोलणं तिच्या कानातून जात नाही म्हणाली. कढत पाण्यापेक्षा ते जास्त भाजतंय म्हणाली. घरी येईपर्यंत तिचा राग उतरला नव्हता. मी तिचा डावा हात धरून बसले होते, आणि किती महिन्यांनी मला वाटलं, की मी एकटी नाही.

तेव्हा माफीचं तू मनातून काढून टाक. ती काही तुझी वाट बघत पोळ्या लाटत बसलेली नाही. तू जबाब दिलास ते बरं केलंस, एवढं ती म्हणाली. त्याच्यापुढं काही म्हणाली नाही, आणि मी माझ्या पदरचं काही घालणार नाही. राहिलेली दोन घरंही पुरी कर.

डॉक्टरांनी तिला व्यायाम दिलाय. भिंतीसमोर उभं राहून उजव्या हाताची बोटं भिंतीवरून एकेक करून वर सरकवायची. आधी ती टाळायची, दुखतं म्हणून. गुरुवारपासून न सांगता करते, सकाळी आणि दुपारी. जिथं बोटं पोचतात तिथं मी पेन्सिलीनं खूण करते. आजची खूण तिच्या गळ्याच्या जरा खाली आहे. डॉक्टर म्हणतात, असंच केलं तर दोन महिन्यांत हात डोक्याच्या वर जाईल.

गेला की कळवीन. मग ये.

सुलक्षणा